कराराचा विश्वास: पुढाऱ्यांचे काम कोणते, घराचे कोणते आणि दोघांनी मिळून करायचे कोणते

ख्रिस्ती घरातला मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला आणि उपासनेला यायचा बंद झाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. आईबाप म्हणतात, "मंडळीने तरुणांसाठी काही केलंच नाही." मंडळीचे वडीलजन, म्हणजे तिचे निवडलेले पुढारी, म्हणतात, "यांच्या घरात प्रार्थनाच होत नाही, आम्ही काय करणार?" दोन्ही वाक्यांत थोडे तथ्य असते, आणि दोन्ही वाक्ये बोलणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे करतात. पवित्र शास्त्रात करार, म्हणजे देव आणि त्याचे लोक यांच्यातले बांधिलकीचे नाते, ज्या रीतीने बांधला आहे त्यात असे मोकळे व्हायला जागाच नाही.

मवाब देशात मोशेने इस्राएल लोकांबरोबर करार पुन्हा बांधला त्या दिवशी परमेश्वरासमोर कोण कोण उभे होते, याची यादी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात आहे. वंशांचे प्रमुख, वडीलजन, अंमलदार, सगळे पुरुष, मुलेबाळे, बायका, छावणीतला परदेशी, लाकडे तोडणारा, पाणी भरणारा. पुढारी यादीत पहिले आहेत, पण यादी त्यांच्यापाशी थांबत नाही. मोशे पुढे सांगतो की आज येथे हजर नसलेल्यांबरोबरही हा करार आहे. म्हणजे पुढच्या पिढ्याही त्यात धरलेल्या आहेत.

मग या कराराचे नियमशास्त्र, म्हणजे देवाने मोशेकडून दिलेल्या आज्ञा, दोन ठिकाणी सोपवलेले दिसते. अनुवाद ३१ मध्ये मोशे ते लिहून याजकांच्या आणि वडीलजनांच्या हाती देतो व दर सात वर्षांनी, कर्जमाफीच्या वर्षी मांडवांच्या सणात, पुरुष, बायका, मुले आणि परदेशी अशा सर्वांसमोर वाचायला सांगतो. अनुवाद ६ मध्ये तेच वचन घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलायचे आहे. सात वर्षांतून एकदा सगळ्यांसमोर आणि रोज घरात. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे कुठेही म्हटलेले नाही. राजाही यातून सुटत नाही. अनुवाद १७ प्रमाणे त्याने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यायची आणि आयुष्यभर वाचायची, आपल्या भाऊबंदांपेक्षा त्याचे मन चढून जाऊ नये म्हणून.

या सगळ्यातून मला एक गोष्ट ठामपणे दिसते. पुढाऱ्यांचे मुख्य काम म्हणजे घरांना विश्वास चालवता येईल असे तयार करणे. घरांचे काम म्हणजे ती शिकवण रोजच्या जगण्यात आणणे आणि पुढाऱ्यांनाही त्याच वचनाला जबाबदार धरणे. हे प्रत्यक्षात कसे करायचे ते पुढे पायरीपायरीने मांडतो. मंडळी तीस माणसांची असो की तीनशेंची, क्रम तोच ठेवता येतो.

आधी समजून घ्या: करार कुठे तुटतो

शास्ते २ मधली ती दोन वचने प्रत्येक मंडळीच्या वडीलजनांनी वर्षातून एकदा एकत्र बसून वाचावीत असे मला वाटते. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा होता तोवर, आणि त्याच्यामागे उरलेले वडीलजन जिवंत होते तोवर, लोकांनी परमेश्वराची सेवा केली. ती पिढी गेल्यावर दुसरी पिढी उठली, तिला परमेश्वराची ओळख नव्हती आणि त्याने इस्राएलासाठी केलेल्या कामाचीही नव्हती. मधल्या काळात कोणी बंड केल्याची नोंद नाही. म्हणजे पुढाऱ्यांच्या आयुष्याएवढाच विश्वास टिकला, घराघरांत तो पोचला नाही.

उलट बाजूही आहे. एली हा याजक होता आणि बापही होता. त्याचे मुलगे हफनी व फिनहास लोकांची अर्पणे बळकावत होते, दर्शनमंडपाच्या दाराशी व्यभिचार करत होते. एलीला सगळे ठाऊक होते. त्याने त्यांची कानउघाडणी केलीही, पण १ शमुवेल ३:१३ मध्ये दोष ठेवला आहे तो त्याने त्यांना आवरले नाही याचा. घरातली ढिलाई थेट वेदीपर्यंत पोचली आणि लोक परमेश्वराच्या अर्पणाचाच तिटकारा करू लागले.

नव्या करारात पाया बदलतो, रचना मोडत नाही. हा करार येशूच्या रक्तात आहे, आणि यिर्मया ३१ प्रमाणे नियमशास्त्र हृदयावर लिहिले जाते. कोणी केवळ घराण्यामुळे वाचत नाही. तरी प्रेषित पेत्र पन्नासाव्या दिवसाच्या सणात (पेंटेकॉस्ट) सांगतो की वचन तुम्हांला व तुमच्या मुलाबाळांना आहे. लुदियेचे घराणे, फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाचे घराणे अशी पूर्ण घरेच विश्वासाच्या वाटेवर येताना दिसतात. लेकरांचा बाप्तिस्मा करावा की विश्वास कबूल केल्यावरच करावा, यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. तुमच्या मंडळीची शिकवण जी असेल ती असो, पुढच्या पायऱ्या दोन्ही ठिकाणी तितक्याच लागू पडतात.

पहिली पायरी: कोणाकडे काय, हे कागदावर मांडा

बहुतेक भांडणे इथेच असतात, कारण कोणी कधी स्पष्ट बोललेलेच नसते. पाळक, वडीलजन आणि चार-पाच कुटुंबांतली माणसे (फक्त पुरुष नकोत) एका बैठकीत बसा आणि कागदावर तीन रकाने करा.

घराच्या रकान्यात रोजचे वाचन व प्रार्थना, मुलांच्या प्रश्नांना उत्तरे, शिस्त, आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी. ही शेवटची बाब लोक विसरतात. प्रेषित पौल १ तीमथ्य ५ मध्ये फार कडक बोलतो: जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. त्याच अध्यायात तो हेही सांगतो की ज्या विधवेला घरचे आहेत तिचा भार मंडळीवर टाकू नये, म्हणजे खरोखर निराधार विधवांना मंडळी मदत करू शकेल. काम वाटून घेतल्याशिवाय मदत गरजूपर्यंत पोचत नाही, हे त्याला नीट माहीत होते.

पुढाऱ्यांच्या रकान्यात शुद्ध शिकवण, बाप्तिस्मा व प्रभुभोजन, खोट्या शिकवणीपासून राखण, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, तंट्यांत निवाडा. हे सगळे एकट्या पाळकावर टाकू नका. मोशेचा सासरा इथ्रो याने मोशेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला पाहिले तेव्हा त्याने स्पष्ट सांगितले की असे करून तू आणि हे लोक दोघेही थकून जाल. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमले गेले. दहांवरचा नायक म्हणजे जवळजवळ दोन-तीन घरांचा माणूस. इतक्या जवळचा पुढारी किती मंडळ्यांत आहे?

तिसऱ्या रकान्यात दोघांचे मिळून काय ते. मुलांना बाप्तिस्म्यासाठी किंवा विश्वासाच्या कबुलीसाठी तयार करणे, गरिबांची मदत, मंडळीचा पैसा, नव्या पुढाऱ्यांची निवड. प्रेषितांची कृत्ये ६ पाहा: विधवांच्या रोजच्या वाटपात कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी पात्रतेचे निकष सांगितले, सात माणसे लोकांनी निवडली, आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. निकष पुढाऱ्यांचे, निवड लोकांची, नेमणूक पुन्हा पुढाऱ्यांची. हा नमुना जसाच्या तसा वापरता येतो.

दुसरी पायरी: पुढाऱ्यांनी आपल्या घरापासून सुरुवात करावी

ज्याला स्वतःचे घर नीट चालवता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेईल, हा १ तीमथ्य ३ मधला प्रश्न सर्वांना पाठ असतो. निवडीच्या वेळी मात्र तो विचारला जात नाही. ज्याला निवडायचे आहे त्याच्या पत्नीशी वेगळे बोला. तिला विचारा की घरात हा माणूस चुकला तर माफी मागतो का, त्याचा राग मुलांवर कसा निघतो, घरच्या पैशांचे व्यवहार तिला माहीत असतात का. ही चौकशी आदराने करा, पण करा. ती संकोचाने गप्प बसली तर घाई करू नका.

याचा अर्थ पुढाऱ्याची मुले निर्दोष हवीत असा नाही. पाळकाच्या मुलांवर मंडळीचे शंभर डोळे असतात आणि त्या नजरांनीच कितीतरी मुले विश्वासापासून दूर गेली आहेत. मंडळीने इथे आपला वाटा उचलावा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पुढाऱ्याला बैठक नाही, फोन नाही, हे मंडळीनेच ठरवून द्यावे आणि पाळावे. त्याला घर चालवायला वेळ न देता त्याच्या घराबद्दल बोलण्याचा हक्क आपल्याला राहत नाही.

शमुवेल संदेष्ट्याची गोष्ट या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. त्याचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेबा येथे लाच खात होते. तेव्हा इस्राएलाचे वडीलजन रामा येथे जाऊन त्याला तोंडावर म्हणाले की तू म्हातारा झालास आणि तुझे मुलगे तुझ्या मार्गाने चालत नाहीत. हे बोलण्यात त्यांची चूक नव्हती. इतर राष्ट्रांसारखा राजा हवा, हा त्यावर त्यांनी मागितलेला उपाय चुकीचा होता. पुढाऱ्यांबद्दल तक्रार असेल तर ती समोर जाऊन सांगावी, आणि उपाय वचनातून शोधावा.

तिसरी पायरी: घर चालवणाऱ्यांना शिकवा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला हवा, आणि मंडळ्या सगळ्यात कमी वेळ इथेच देतात.

नहेम्या ८ मधला प्रसंग बारकाईने पाहू. सातव्या महिन्याचा पहिला दिवस. पाणीवेशीसमोरच्या चौकात पुरुष, बायका आणि ऐकून समजू शकणारे सगळे जमले आहेत. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा आहे, त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला तेरा माणसे. पहाटेपासून दुपारपर्यंत तो वाचतो. लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातली माणसे, लोकांना अर्थ समजावून सांगतात. लोक रडू लागतात, त्यांना सांगितले जाते की रडू नका, जेवा, ज्यांच्याकडे काही नाही त्यांनाही पाठवा. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. खरा धडा तेराव्या वचनात आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या घराण्यांचे प्रमुख, याजक व लेवी यांच्यासह, पुन्हा एज्राकडे आले, नियमशास्त्र नीट समजून घ्यायला. मोठी सभा पहिल्या दिवशी झाली, घरचालकांचा वर्ग दुसऱ्या दिवशी. त्या वर्गातूनच मांडवांची आज्ञा सापडली आणि लोकांनी आपापल्या धाब्यांवर, अंगणांत मांडव घातले. शिकवण त्या वर्गातून निघून घराच्या छतावर गेली.

हे आपल्याकडे कसे बसवायचे? महिन्यातून एकदा, दीड तास, घर चालवणाऱ्या सर्वांसाठी बैठक ठेवा. त्यात बाप येतील, आया येतील, एकट्याने मुले वाढवणारे येतील, नातवंडांना सांभाळणारी आजी येईल. पुढच्या चार रविवारी ज्या उताऱ्यांवर संदेश होणार ते आधीच वाटा. पाळकाने प्रत्येक उताऱ्यावर दहा मिनिटे बोलावे, भाषण करू नये. मग तिघा-चौघांच्या गटांत प्रत्येकाने एक उतारा मोठ्याने वाचावा. ज्याने वर्षानुवर्षे कोणासमोर वाचलेले नाही त्याला घरी मुलांसमोर वाचायची लाज वाटते, आणि ही लाज बैठकीतच जाते. शेवटी प्रत्येक उताऱ्यासाठी मुलांना विचारायचा एक प्रश्न आणि मुले विचारतील असा एक प्रश्न सगळ्यांनी मिळून ठरवावा.

यहोशाफाट राजाने आपल्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी पाच सरदार, नऊ लेवी आणि दोन याजक नियमशास्त्राचे पुस्तक घेऊन यहूदाच्या नगरानगरांत शिकवायला पाठवले (२ इतिहास १७). सरदारांनाही पाठवले, हे ध्यानात घ्या. शिकवणे हे फक्त याजकांचे काम त्याने मानले नाही. पुढे १५२९ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने लहान प्रश्नोत्तरी लिहिली तीही घरप्रमुखाने घरच्यांना शिकवावी म्हणून. सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करताना लोकांचे आणि कितीतरी पाळकांचे अज्ञान पाहून तो हादरला होता.

चौथी पायरी: घरातली पंधरा मिनिटे

वेळ ठरवा, पण घराला झेपेल ती. रात्रीच्या जेवणानंतर ताटे उचलायच्या आधी बसले की सगळे हजर असतात. आठवड्यातून चार दिवस झाले तरी पुष्कळ. रोज करायचे ठरवून महिन्याभरात सोडण्यापेक्षा हे बरे.

क्रम साधा ठेवा. आठ-दहा वचने वाचा, ज्याला वाचता येते त्या मुलाला आळीपाळीने वाचू द्या. एक प्रश्न विचारा. एक स्तोत्र किंवा गीत. मग प्रार्थना, आणि तिच्यात घरातल्या कोणाचे तरी नाव घेऊन त्याची त्या दिवसाची खरी गरज.

मुलांच्या प्रश्नांवर शास्त्राचा केवढा भर आहे ते पाहा. निर्गम १२ मध्ये वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचा, विधी सांगतानाच, मुले विचारतील की याचा अर्थ काय, तेव्हा काय सांगायचे ते दिलेले आहे. यहोशवा ४ मध्ये यार्देनेतून बारा धोंडे उचलून गिलगालात उभे केले, ते मुलांनी विचारावे म्हणूनच. अनुवाद ६ मध्ये मुलगा नियमांचा अर्थ विचारतो तेव्हा बापाने नियमांची यादी म्हणून दाखवायची नाही, गोष्ट सांगायची: आम्ही मिसरात फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हांला बाहेर काढले. तेव्हा प्रभुभोजनाच्या रविवारी घरी मुलाने विचारले, "तुम्ही भाकर का घेता आणि मला का नाही?" तर "मोठा झालास की कळेल" म्हणून त्याला गप्प करू नका. तुम्ही कशात अडकला होता आणि प्रभूने तुम्हांला कसे सोडवले ते त्याच्या वयाला समजेल असे सांगा. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि पुढच्या बैठकीत पाळकांना विचारून या. मुलाला आपला बाप अजून शिकतो आहे हे दिसणे चांगलेच.

घरात बाप विश्वासात नसेल तर? तीमथ्याचा बाप ग्रीक होता. विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून, आणि पवित्र लेखांची ओळख त्याला बालपणापासून होती. आईने पुढाकार घ्यावा, नवऱ्याशी भांडण न करता, वेळ त्याला विचारून ठरवावी. मंडळीने अशा आईला कमी लेखू नये. आणि जे एकटे राहतात, विधवा, विधुर, अविवाहित, त्यांना आठवड्यातल्या एका संध्याकाळी कोणत्या घरात बसायचे ते वडीलजनांनी विचारपूर्वक ठरवावे. त्यांनाच घर शोधायला लावू नये.

पाचवी पायरी: घरभेट, पण हेतू ठरवून

पौल इफिसच्या वडीलजनांना आठवण देतो की त्याने चारचौघांत आणि घरोघरी शिकवले. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर येथे रिचर्ड बॅक्स्टर हा पाळक आणि त्याचा सहकारी सोमवार-मंगळवार यासाठीच राखून ठेवत. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे, अशा हिशेबाने आठशेहून अधिक कुटुंबांच्या मंडळीत वर्षभरात सगळ्यांची भेट व्हावी अशी त्यांची आखणी होती. तुमच्याकडे चाळीस कुटुंबे आणि चार वडीलजन असतील तर प्रत्येकाला दहा घरे येतात. प्रत्येक घराला वर्षातून तीन भेटी म्हणजे महिन्याला दोन-तीन घरे. हे जमण्यासारखे आहे.

भेट कळवून ठरवा आणि दोघांनी जा. जाऊन हवापाणी विचारून, प्रार्थना करून परत येणे याला मी घरभेट म्हणत नाही. बोलणे साधारण असे व्हावे:

"ताई, घरची प्रार्थना कशी चालली आहे?"

"खरं सांगू काका? दोन महिने झाले, बंदच आहे. यांची रात्रपाळी सुरू झाली."

"मग मुलांचं वाचन?"

"धाकटी विचारते कधीकधी. मोठा खोलीतून बाहेरच येत नाही."

"मोठ्याशी मी बोललो तर चालेल? आणि साहेबांना सुट्टी कोणत्या दिवशी असते? त्या दिवशी मी येतो, आपण सगळे बसू. पुढच्या वेळी तुम्ही चालवा, मी नुसता बसेन."

इथे वडीलजनाने दोष दिला नाही, पण विषय सोडलाही नाही. तो घराच्या जागी स्वतः उभा राहिला नाही, एकदा करून दाखवायची तयारी त्याने दाखवली. निघताना त्याने एक प्रश्न उलटाही विचारायला हवा: "आमच्याकडून, पाळकांकडून, काही कमी पडतंय का?" आणि आलेले उत्तर लिहून घेऊन वडीलजनांच्या बैठकीत मांडायला हवे. खाजगी गोष्ट मात्र परवानगीशिवाय तिथेही नेऊ नये.

सहावी पायरी: वचने लिहून काढा

"आम्ही प्रभूला एकनिष्ठ राहू" असे म्हणणे सोपे आहे, कारण ते कधी मोडले हे कळतच नाही. नहेम्या १० मधला लेख वेगळा आहे. चौऱ्याऐंशी नावांचे शिक्के, पहिला प्रांताधिकारी नहेम्याचा, मग याजक, लेवी, लोकांचे प्रमुख. त्यांच्यामागे बाकीचे सगळे, बायका, मुलगे, मुली. आणि कलमे अगदी नेमकी आहेत: लग्नसंबंध कोणाशी करायचे नाहीत, शब्बाथ दिवशी कोणी माल विकायला आणला तर घ्यायचा नाही, दरवर्षी मंदिराच्या सेवेसाठी शेकेलाचा तिसरा हिस्सा द्यायचा, वेदीसाठी लाकडे कोणत्या घराण्याने कधी आणायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. लाकडांची पाळी घराण्यांवर, धूर वेदीवर. दोघांची सेवा कशी एकमेकांत अडकली आहे ते इथे दिसते.

तुमच्या मंडळीतही पाच-सहा कलमे पुरेत, पण दोन्ही बाजूंची हवीत. कुटुंबांकडून उदाहरणार्थ: आठवड्यातून चार दिवस घरची प्रार्थना, मासिक बैठकीला घरातला एक तरी माणूस, गरजूंसाठी ठरावीक देणगी. पुढाऱ्यांकडून: वर्षाला तीन घरभेटी, दर तीन महिन्यांनी जमाखर्च सर्वांसमोर, लहान मुलांना समजेल असा प्रत्येक संदेशातला काही भाग. मसुदा महिनाभर घरोघरी फिरवा, सूचना घ्या, मग उपासनेत मुलांसह मोठ्याने वाचा. सही करायला कोणी तयार नसेल तर दबाव आणू नका. उपदेशक ५ सांगतो की नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेलाच बरा. एक वर्षाची मुदत घाला.

सातवी पायरी: परत येऊन पाहा

नहेम्या काही काळ राजाकडे गेला आणि परत आला तेव्हा त्या लेखातली जवळजवळ सगळी कलमे मोडलेली होती. एल्याशीब याजकाने नहेम्याचा विरोधक तोबीया याला मंदिरातली खोली दिली होती. लेव्यांचे वाटे थांबले होते म्हणून ते आपापल्या शेतांवर निघून गेले होते. शब्बाथ दिवशी द्राक्षकुंड तुडवले जात होते, सोर नगरचे व्यापारी मासे विकत होते. परराष्ट्रीय बायका केलेल्यांच्या निम्म्या मुलांना यहूदी भाषाही येत नव्हती. चूक घरांची होती आणि पुढाऱ्यांचीही, आणि नहेम्या दोघांना वेगवेगळा जाब विचारतो. शब्बाथाबद्दल त्याने आधी यहूदाच्या सरदारांना धरले. भांडारांवरही त्याने चार विश्वासू माणसे नेमली, त्यांत एक याजक, एक शास्त्री, एक लेवी.

तेव्हा वर्षातून दोनदा तपासणीची बैठक ठेवा, आणि पहिला अहवाल पुढाऱ्यांचा असू द्या. किती घरभेटी ठरल्या होत्या, किती झाल्या, हिशेब वेळेवर मांडले का. त्यानंतरच घरांनी सांगावे, तेही ज्याला सांगावेसे वाटेल त्याने. कोणाच्या घराची सगळ्यांसमोर झाडाझडती नको. जे कलम कोणालाच पाळता आले नाही ते बदला.

मोठा भंग होतो तेव्हा

घरात मारहाण होत असेल, मुलांचा छळ किंवा लैंगिक अत्याचार होत असेल, तर "घराची अब्रू" आणि "मंडळीचे नाव" या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवा. आधी ज्याला इजा होते आहे त्याला सुरक्षित जागी हलवा, कायद्याच्या यंत्रणेला कळवा, मग पश्चात्ताप आणि समेट यांचे बोला. कराराचे नाव घेऊन एखाद्या बाईला मार खायला परत पाठवणे हे मलाखी २ च्या नेमके उलट आहे. तिथे परमेश्वर, कराराने आपल्या झालेल्या पत्नीशी दगा करणाऱ्याच्या विरुद्ध साक्षीदार म्हणून उभा आहे.

पुढारी चुकला तर १ तीमथ्य ५ मधली रीत आहे: दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप ऐकू नये, आणि पाप सिद्ध झाले तर सर्वांसमोर दोष पदरी घालावा. नहेम्या ५ मध्ये गरीब कुटुंबांनी तक्रार केली की सरदार व्याज घेतात आणि आमची मुले गुलाम होतात. नहेम्या संतापला, त्याने विचार करून मोठी सभा भरवली, आणि शेते व व्याज परत करायला लावले. तक्रार गरिबांची होती म्हणून ती दाबली गेली नाही.

आणि ज्यांची मोठी झालेली मुले विश्वास सोडून गेली आहेत त्यांच्यासाठी यहेज्केल १८. मुलगा बापाचे पाप वाहणार नाही, बाप मुलाचे वाहणार नाही. सामाईक जबाबदारी म्हणजे सामाईक शिक्षा नव्हे. अशा आईबापांना सेवेतून बाजूला सारू नका, त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलांची नावे घेऊन प्रार्थना करा, आणि त्या मुलांशी मंडळीतल्या कोणीतरी मैत्री टिकवून ठेवावी, उपासनेला बोलावण्यापलीकडची.

सुरुवात कोणी करायची

दोन्ही बाजू एकाच वेळी तयार होण्याची वाट पाहत बसू नका. पाळक तयार नसतील तर दोन-तीन घरांनी चौथ्या पायरीपासून सुरू करावे आणि पाळकांना एका संध्याकाळी घरी बोलवावे. घरे तयार नसतील तर वडीलजनांनी आधी आपल्या चार घरांत तीन महिने करून पाहावे, मग इतरांना त्याबद्दल सांगावे. पहिल्या तीन महिन्यांत फक्त मासिक बैठक आणि घरची प्रार्थना, दुसऱ्या तीन महिन्यांत घरभेटी, लिखित वचने सहा महिन्यांनंतर. आणि तीन रकान्यांचा कागद घेऊन बसाल त्या पहिल्याच बैठकीला समजत्या वयाच्या मुलामुलींपैकी दोघे-तिघे बोलावून घ्या. नहेम्या १०:२८ मध्ये ज्यांना ज्यांना समज होती ते सगळे त्या लेखात सामील होते.